शिकाऊ हात, जुनी मोटार

माझे मामा एस. टी.त चालक होते. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी त्यांची गाडी खंबाटकीच्या घाटाला लागली, म्हणजे त्यांच्या पाठीमागच्या बाकावर बसलेला मी खिडकीबाहेरचे डोंगर सोडून त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत राही. कारण क्लच दाबून गिअर न्यूट्रलवर आणावयाचा, पाय उचलून इंजिन किंचित रेटावयाचे, पुन्हा क्लच दाबावयाचा आणि मग खालचा गिअर टाकावयाचा, ही सारी क्रिया त्यांच्या हातून इतक्या सहजतेने होई की, गाडीने चाल बदलल्याचे झोपलेल्या उतारूला कळतही नसे. "गिअर हाताने टाकायचा नसतो रे, कानाने टाकायचा असतो," असे ते म्हणत. हे वाक्य मी पुढची पस्तीस-चाळीस वर्षे एक गमतीची आठवण म्हणून लोकांना ऐकवीत आलो. त्यात विद्या आहे हे उमगण्यासाठी मात्र मला अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, २,४०० डॉलरचा भुर्दंड सोसावा लागला. त्या भुर्दंडाची ही कैफियत आहे, आणि ज्यांच्या मनात तसलेच खूळ शिरले असेल त्यांच्यासाठी, जाता जाता, चार सूचनाही.

पुण्यात असताना मी आधी सायकल आणि मग लुना चालविली, आणि लुनेला गिअर नसतात. चोविसाव्या वर्षी या देशात आलो तो स्वयंचलित गिअरच्या गाडीवरच मोटार शिकलो. येथे १९३९ साली 'हायड्रा-मॅटिक' नावाची स्वयंचलित गिअरपेटी बाजारात आली, आणि पुढे क्लचला अशी उतरती कळा लागली की, आज विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत गिअरच्या गाड्या शेकडा दोनही भरत नाहीत. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिलेल्या इसमास गिअरची गाडी चालविण्याची मुभा नसते. अमेरिकेतील नेहमीचा परवाना असा भेद करीत नाही. तेव्हा तेवीस वर्षे परवाना बाळगणारा मी कायद्याच्या दृष्टीने कोणतीही मोटार चालविण्यास मुखत्यार होतो, आणि कायद्याने दिलेली मुखत्यारी म्हणजेच अंगी असलेली पात्रता, असा मी आपल्या सोयीचा समज करून घेतला होता.

आपल्या भाषेत इच्छेला मनोरथ म्हणतात. माझा मनोरथ अक्षरशः रथच होता, आणि त्याचे नाव मियाटा. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटारप्रदर्शनात माझदा कंपनीने ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी प्रथम मांडली. जुन्या इंग्रजी उघड्या मोटारींची धाटणी, १.६ लिटरचे इंजिन, ११६ अश्वशक्ती आणि हजार किलोंच्या आसपास वजन, असा तिचा आटोपशीर संसार होता. आणि स्वार व अश्व एकजीव व्हावेत अशा अर्थाची 'जिन्बा इत्तै' ही जपानी कल्पना तिच्या रचनाकारांनी डोळ्यांपुढे ठेवली होती. २०१६ साली या जातीची दहा लाखावी गाडी तयार झाली, यावरून तिची लोकप्रियता ध्यानी यावी. मी पाहिली ती १९९९ सालची, म्हणजे दुसऱ्या पिढीची, वयाने वीस वर्षांच्या घरातली, तांबडी. आणि मागणी ५,५०० डॉलरची. भरवशाची म्हणून नावाजलेली ही गाडी आहे, त्यामुळे पुढे जे घडले त्याचा दोष निर्मात्याच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही.

ऑक्टोबरातील एका सोनेरी संध्याकाळी मी विक्रेत्याच्या दारी गेलो, तेव्हा इंजिन आधीच तापून गुणगुणत होते. गाडी चालवून पाहा, असे त्या भल्या गृहस्थाने म्हणताच मी संकोचून उत्तरलो, "आपणच चालवून दाखवा ना." माझ्या साऱ्या पुढच्या विपत्तीचे बीज या एका विनंतीत होते. त्याने टप उघडून मला वळणावळणांच्या रस्त्यांवरून अर्धा तास हिंडविले. पहिल्या गिअरवरून तो दर वेळी थेट तिसऱ्यावर जाई, हे मी पाहिले, आणि ती मला त्याच्या हातची सफाई वाटली. दुसरा गिअर खरखरत होता म्हणून तो त्याला टाळीत होता, हे मला महिन्यानंतर कळले. पेनसिल्व्हानियात मालकीच्या दाखल्यावरील विक्रेत्याची सही प्रमाणित करून घ्यावी लागते, तशी ती नोटरीसमोर झाली. आमच्या काउंटीचा शेकडा सात विक्रीकर मी भरला. गहाणाचा बोजा नाही, अपघातात निकालात निघालेली गाडी नाही, याचीही खातरजमा केली. कागद निर्मळ होते; पण त्या कागदांत गिअरपेटीच्या प्रकृतीसाठी रकाना नसतो. गाडी माझ्या दारी आणून उभी केली तीही विक्रेत्यानेच, आणि माझ्या स्नेह्याने त्याला परत पोचविले. खरेदीदाराला स्वतःची वस्तू घरी नेता येत नाही, ही गोष्ट एखाद्या शहाण्या माणसाला विचारात पाडण्यास पुरेशी होती. मी मात्र पेढे वाटीत होतो.

पुढचे तीन आठवडे शाळेच्या रिकाम्या वाहनतळावर माझा एकलव्याचा अभ्यास चालला, फरक एवढाच की माझा द्रोण म्हणजे चलतचित्रे होती. गाडी धक्के मारी, बंद पडे, पुन्हा सुरू होई. गिअर कधी लोण्यासारखा पडे, तर कधी किरकिर करून हात झिडकारी. आणि प्रत्येक वेळी मी स्वतःच्या पायाला बोल लावी. चौथ्या रविवारी धीर करून मी पत्नीला घेऊन पेन हिल्समधील श्रीवेंकटेश्वराच्या दर्शनाला निघालो. बालाजी जसा तिरुपतीला डोंगरावर, तसा येथेही टेकडीवरच आहे. चढावर पुढची वाहने थांबली, तसा मीही थांबलो. आणि ब्रेक सोडला तर गाडी मागे जाईल या भयाने क्लच अर्धवट दाबून, इंजिन रेटून, मिनिट-दीड मिनिट तिला तशीच तरंगत धरली. प्रथम जळक्या वासाने गाडी भरली. "अहो, काहीतरी करपतंय," पत्नी म्हणाली. रांग सरकली तेव्हा इंजिन ओरडू लागले, काटा चढू लागला, आणि गाडी जागची हलेना. मागच्या मोटारीतून उतरलेल्या दोघा तेलुगू तरुणांनी ती बाजूला ढकलली. देवदर्शन आम्ही पायी चढून घेतले. गाडी ओढगाडीवर बसून खाली उतरली.

ज्या वृद्ध मेस्त्र्याकडे ती पोचली त्याने दुसऱ्या दिवशी मला हाताशी धरून एकेक दुखणे दाखविले. क्लचप्लेट जळून काळी पडली होती. क्लचच्या पायाचा दाब तेलाद्वारे पुढे पोचविणारे सिलिंडर बरेच दिवस गळत होते, त्यामुळे पेडल तळाशी जाऊनही क्लच पुरता सुटत नव्हता. दुसऱ्या गिअरचा वेग जुळवून घेणारे 'सिंक्रो' नावाचे कडे झिजले होते. दाराखालच्या पट्ट्या आतून गंजल्या होत्या. सगळे दाखवून झाल्यावर त्याने सहज विचारले, "यांतले आधीच्या मालकाचे किती, आणि तुमचे किती?" या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. गिअरची किरकिर मी तीन आठवडे स्वतःचे अनाडीपण समजून निमूट सोसली, ती बव्हंशी त्या गळक्या सिलिंडरची करणी होती; आणि क्लच जळाल्याबद्दल ज्या विक्रेत्याला मी रात्रभर मनातल्या मनात फैलावर घेतले, त्याचा त्यात कदाचित अल्पसा वाटा असेल, पण तो जाळला माझ्याच पायाने. गाडीचा अपराध मी माझ्या खाती मांडला होता आणि माझा अपराध गाडीच्या. जुनी मोटार आणि शिकाऊ चालक यांचा संयोग घातक ठरतो तो येथे: दोघांचेही दोष एकाच आवाजात बोलतात, आणि ज्याच्या कानाला निरोगी गाडीचा आवाज ठाऊक नाही, त्याला त्यांची फारकत करता येत नाही. मामा कान म्हणत तो हा.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, विद्या आणि वस्तू यांची खरेदी एकाच दिवशी करू नये. आधी दुसऱ्या कोणाच्या, शक्य तर शिकवणीसाठीच ठेवलेल्या, साध्या आणि धडधाकट गाडीवर दहा-पंधरा तास घालवावे. क्लच म्हणजे काय हे तेव्हाच समजून घ्यावे: इंजिनाबरोबर फिरणारे एक जड चाक, त्याला दाबाने चिकटणारी एक घर्षणाची तबकडी, आणि त्या दोहोंना जोडणारा व तोडणारा आपला पाय. पूर्ण दाबला तर तबकडी सुटी, पूर्ण सोडला तर एकजीव. मधल्या अवस्थेत, जिला आपण हाफ क्लच म्हणतो, ती घासते, तापते आणि झिजते. गाडी निघताना हा मधला मुक्काम क्षणाचा असावा. चढावर थांबायचे असेल तर ते काम हँडब्रेकचे. हँडब्रेक ओढावा, क्लच इतका सोडावा की गाडीचे नाक किंचित दबल्यासारखे वाटेल, थोडा ॲक्सिलरेटर द्यावा आणि मग हँडब्रेक उतरवावा. पिट्सबर्गात कँटन ॲव्हेन्यू नावाची एक गल्ली आहे, तिचा चढ शेकडा सदतीस सांगतात; तेथे जाण्याचे कारण नाही, पण एखादा सौम्य चढ दहा वेळा चढून दाखविल्याविना आपण शिकलो असे कोणी म्हणू नये.

हात बसल्यावर गाडी पाहावयास जावे, आणि तेव्हाही एखाद्या जाणत्याला बरोबर न्यावे. मी थंड इंजिन पाहीन, असे विक्रेत्याला आदल्या दिवशी कळवावे आणि पोचताच बॉनेटवर तळवा ठेवावा. ते गरम लागले तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी, कारण थंड इंजिन सुरू होताना जे सत्य बोलते ते तापल्यावर बोलत नाही. धूर निळसर असेल तर तेल जळते आहे. सपाट रस्त्यावर, गाडी मंद असता, वरच्या गिअरवर ॲक्सिलरेटर जोराने दाबावा. इंजिनाचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे रेंगाळला तर क्लच घसरतो आहे असे समजावे. प्रत्येक गिअर, विशेषतः दुसरा, स्वतःच्या हाताने चढतानाही टाकावा आणि उतरतानाही. उघड्या टपाच्या गाडीत टपाच्या मागील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबतात, पाणी दाराखालच्या पोकळीत साचते आणि पट्ट्या आतून कुजतात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या आमच्यासारख्या प्रांतात तर मागच्या चाकांपुढचा तो भाग वाकून, बोटाने चाचपून पाहिल्याविना पुढे बोलूच नये.

खेळासाठी घडविलेल्या मोटारीच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. तिच्यावर आपल्याआधी कोणीतरी तरुण रक्ताने हात साफ केलेला असण्याचा संभव मोठा. चौथ्यातून पाचव्यावर जाताना चुकून तिसरा पडला, तर चाकेच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवितात, आणि वेगमर्यादा राखणारी इंजिनातील योजना तेथे हतबल ठरते. अशा एका चुकीची खूण बाहेरून दिसत नाही. म्हणजे जुनी गाडी घेणारा मागच्या मालकाच्या उमेदवारीचे कर्जही आपल्या शिरावर घेत असतो. खाली दबवलेल्या स्प्रिंगा, गर्जणारी नळी, मागाहून बसविलेला टर्बो, असले फेरफार असलेली गाडी पहिल्या वेळी घेऊच नये. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याची पावती मागावी, माझ्या गाडीच्या जातीत तो साधारण ६०,००० मैलांनी बदलतात. पावती नसल्यास तो बदललेलाच नाही असे धरून किंमत ठरवावी. विम्याचा हप्ता सौद्याआधी विचारावा. त्रयस्थ मेस्त्र्याकडून तपासणी करून घेण्यास विक्रेता नकार देईल, तर आभार मानून परतावे. आणि किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी रक्कम वेगळी बांधून ठेवावी. माझी २,४०० डॉलरची पावती त्या हिशेबालाही ओलांडून गेली.

गाडी मी दुरुस्त करून घेतली आणि पाच वर्षे वापरली. दुसऱ्या वर्षापासून मला ती ऐकू येऊ लागली, आणि टेकडीवरच्या बालाजीला मी तिच्यातून कित्येकदा जाऊन आलो. गेल्या वर्षी ती विकावयास काढली, तेव्हा पहिला आला तो येथे शिकणारा एक सोलापूरचा मुलगा. त्याने तांबड्या पत्र्यावरून हात फिरविला, त्याचे डोळे चमकले, आणि मग किंचित ओशाळून तो म्हणाला, "काका, तुम्हीच चालवून दाखवा ना."

मी किल्ली खिशात टाकली आणि त्याला चहाला घरात नेले. त्यानंतर सहा रविवार आम्ही दोघे त्या शाळेच्या वाहनतळावर होतो. सातव्या रविवारी टेकडीच्या चढावर त्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, गाडी उचलली, आणि दुसरा गिअर टाकताना कपाळाला आठी घालून म्हणाला, "काका, हा थोडा खरखरतो हो."

त्या खरखरीपायी मी किंमत तीनशे डॉलरनी उतरवली.