वैशाखांतील लग्नासाठीं घरचीं फुलें

सिंदी मेघे व वर्ध्याच्या आसपासच्या गांवांत पुष्कळ लग्नें कापूस, तूर व गहूं घरांत आल्यावर, म्हणजे ऐन उन्हाळ्यांत होतात. तेव्हां झेंडूचा बहर उन्हानें मंदावलेला असतो, शेवंतीचा हंगाम सरलेला असतो, आणि हार व गुच्छ यांसाठीं बाजारांत मागेल ती किंमत मोजावी लागते. ज्याच्या विहिरीस वैशाखापर्यंत थोडेंबहुत पाणी टिकतें, त्या शेतकऱ्यानें हा खर्च कां सोसावा, हें आम्हांस उमगत नाहीं.

या कामीं गलांडा, म्हणजेच गॅलार्डिया, उत्तम. हें मूळचें उत्तर अमेरिकेंतील माळरानावरचें फूल असल्यामुळें ऊन व पाण्याचा ताण सोसतें. जानेवारीच्या मध्यास गादीवाफ्यावर बीं पेरून चार-पांच आठवड्यांनीं रोपें लावावीं. दीड-दीड फुटाच्या अंतरानें अर्ध्या गुंठ्यांत सुमारें 240 रोपें बसतात. शेणखत बेताचेंच द्यावें, नाहींतर पाला माजतो. काळ्या जमिनींत पाणी सांचूं दिल्यास मुळें कुजतात; म्हणून सरीवरंबा बरा. एप्रिलच्या अखेरीपासून फुलें हातीं येऊं लागतात. तीं सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं तोडावीं. गुच्छाकरितां लांब देंठ राखून लगेच पाण्यांत उभीं करावीं, हाराचीं ओल्या फडक्याखालीं सावलींत ठेवावीं.

गलांड्यास सुवास नाहीं. ती उणीव मरव्याच्या काड्यांनीं किंवा मोगऱ्याच्या चार कळ्यांनीं भागते. मांडवासाठीं बहाव्याचे पिवळे घोस याच दिवसांत मिळतात. ते लवकर कोमेजत असल्यानें लग्नाच्या सकाळींच आणावे. गुच्छ गुंडाळण्यास पळसाचें कोंवळें पान असतां चकचकीत कागद कशाला?

मात्र रानांतील प्रत्येक फूल उपयोगाचें नव्हे. गुच्छांत पांढरी भर म्हणून कोणी गाजरगवताचे तुरे खोंवतात. 1955 च्या सुमारास पुण्यास प्रथम दिसलेलें हें तण आज सर्वत्र पसरलें असून त्याच्या स्पर्शानें अनेकांच्या अंगास खाज व चट्टे येतात; शिवाय पक्व तुऱ्यांबरोबर त्याचें बीं लग्नघरच्या शेतांत पोंचतें. कण्हेर व घाणेरी हींही वर्ज्य करावीं. लग्न आटोपल्यावर हार उकिरड्यावर जातात आणि तेथें गुरें-शेळ्या तोंड घालतात. कण्हेर विषारी असून तिनें जनावर दगावतें. घाणेरीनें गुरांस कावीळ होते व त्यांची कातडी उन्हानें सोलवटते.

पुढील सालच्या बियांसाठीं चांगल्या रंगाचीं दहा-बारा झाडें खूण करून राखावीं, आणि त्यांचे वाळलेले गोंडे पावसापूर्वीं उतरवून कोरड्या मडक्यांत ठेवावे.