घोडनदीच्या छावणीत सहाबारी होती का?

प्रश्न : ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इंग्रजांच्या कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरच्या (घोडनदीच्या) छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढली. या शिपायांकडे सहाबारीसारखी (रिव्हॉल्व्हरसारखी) लागोपाठ बार काढणारी हत्यारं होती का?
— एक वाचक, दौंड

उत्तर : नव्हती. तेव्हा बंदूक काय नि पिस्तूल काय, सारं ठासणीचं. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू-गोळी नळीत घालून गजाने ठासायची; मग चाप ओढला की घोडा पडे आणि चकमकीची ठिणगी रंजकाला लागे. एक बार निघाला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून घोडेस्वार पिस्तुलांची जोडी बाळगत. ती संपली की तलवार होतीच.

त्याच १८१८ साली बोस्टनच्या एलिशा कोलिअरने लंडनमध्ये नव्या हत्याराचं पेटंट घेतलं. चकमक जुनीच, पण नळीमागे अनेक कप्प्यांचा फिरता दंडगोल. प्रत्येक कप्प्यात एक बार.

बार भरून ठेवणं सोपं होतं. एका वेळी एकच उडावा, ही खरी अडचण. एका कप्प्याची ज्वाळा शेजारच्या दारूला लागली की दोन-तीन बार एकदम सुटत. १८३७ मध्ये अमेरिकेच्या जॉन कॉक्रनने तर दंडगोलाऐवजी आडवं चाकच बसवलं. कप्पे आऱ्यांसारखे, तोंडं बाहेर. त्यामुळे एक कप्पा शत्रूवर रोखलेला, तर दुसरा मालकाच्या छातीवर! ते फार खपलं नाही यात नवल नाही.

टिकला तो सॅम्युएल कोल्ट. १८३०-३१ च्या कोलकात्याच्या सफरीत या पोरसवदा खलाशाने जहाजावर लाकडी नमुना कोरला. १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं. त्याच्या पिस्तुलाचा घोडा मागे ओढला की दंडगोल आपोआप एक कप्पा पुढे सरके. रंजकाच्या जागी तांब्याची टोपी आली. भटक्या ज्वाळेची धास्ती मात्र त्यालाही होती. म्हणून गोळ्यांच्या तोंडावर चरबी थापत. पुढे दारू धातूच्या काडतुसात बंद झाली, तेव्हा कुठे ती धास्ती मिटली.

तुमच्या भागातल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर ठासणीचं पिस्तूल सापडलं, तर ते रिकामं समजू नका. पणजोबांनी ठासलेला बार बाहेरून दिसत नाही. चाप ओढून बघण्याऐवजी पोलीस ठाण्यात कळवा.