रुपयाचे मोल आणि श्रमाचे मोल

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेताच राज्यघटना, महाडचा सत्याग्रह आणि नागपूरची धम्मदीक्षा आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. बाबासाहेब अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक होते, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते. कोलंबिया विद्यापीठ व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे त्यांनी प्रामुख्याने याच विषयाचे अध्ययन केले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्र हा मोठ्या लोकांचा विषय, असा समज आपल्या समाजात अजूनही आढळतो. वस्तुतः मजुरी, शेतमालाचा भाव, कर्जाचा हप्ता आणि वसतिगृहाचे अनुदान यांचाच तो विचार आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने काही मूलभूत संकल्पना आम्ही येथे मांडत आहोत.

चलनवाढ व खरी मजुरी

रुपयावर छापलेला आकडा बदलत नाही. त्याची क्रयशक्ती, म्हणजे त्या रुपयात काय आणि किती विकत घेता येते, हे मात्र बदलते. वस्तूंचे भाव सर्वसाधारणपणे वाढत जाणे, म्हणजेच रुपयाची क्रयशक्ती घटणे, याला व्यवहारात चलनवाढ म्हणतात. समजा, एका मजुराची रोजची मजुरी ३०० रुपयांवरून ३३० रुपये झाली आणि त्याच काळात भाव शेकडा १५ ने वाढले. पूर्वी ३०० रुपयांत येणारा बाजार आता ३४५ रुपयांना पडतो. मजुरी वाढली असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात १५ रुपयांची तूट आली. हातात पडते ती नाममात्र मजुरी आणि तिच्यातून जे विकत घेता येते ती खरी मजुरी होय.

बाबासाहेबांच्या चलनविषयक विचाराच्या मुळाशी हाच भेद आहे. १८९३ पर्यंत कोणालाही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेता येत. त्या वर्षी सरकारने ही मोकळीक बंद केली. त्यानंतर रुपयाचा विनिमय दर एक शिलिंग चार पेन्स या पातळीवर ठेवण्यात आला. पहिल्या महायुद्धानंतर हा दर किती असावा, यावर मोठा वाद झाला. दर कमी राहिल्यास निर्यात वाढते, असे व्यापारी व गिरणीमालक सांगत. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर असे, की रुपया स्वस्त झाला की देशात भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणून निर्यातदाराचा तो नफा मजुराच्या तोट्यातून आलेला असतो. रुपये पाडण्याच्या सरकारच्या अधिकारावर निश्चित मर्यादा असावी, असाही त्यांचा आग्रह होता.

रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली, असे अनेक व्यासपीठांवरून सांगितले जाते. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हास नेमकेपणा आवश्यक वाटतो. हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी १९२५ साली साक्ष दिली. त्या आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कार्य सुरू झाले. बाबासाहेबांची थोरवी सिद्ध करण्यास एवढे सत्य पुरेसे आहे. आज किरकोळ महागाईचा दर शेकडा ४ च्या आसपास, २ ते ६ या मर्यादेत राखणे, ही याच बँकेची जबाबदारी आहे. त्यासाठी ती रेपो दर, म्हणजे बँकांना अल्प मुदतीसाठी पैसा देण्याचा दर, कमीअधिक करते. आपल्या गृहकर्जाचा हप्ता वाढतो वा उतरतो, त्यामागे बहुधा हाच दर असतो.

राष्ट्रीय उत्पन्न व सरासरी

देशाच्या सीमांच्या आत एका वर्षात निर्माण झालेल्या सर्व अंतिम वस्तू व सेवांचे मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न मिळते. हे आकडे उपयुक्त असले तरी वाटणी कशी झाली, हे ते सांगत नाहीत. दहा घरांच्या एका वस्तीत नऊ घरांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी ८,००० रुपये आणि एका घराचे १,२८,००० रुपये असेल, तर सरासरी २०,००० रुपये निघते. त्या सरासरीवर विसंबून कोणी त्या वस्तीला सुखवस्तू म्हटले, तर नऊ घरांवर अन्याय होतो.

आपल्या देशाचे चित्रही असेच पाहावे लागते. काम करणाऱ्या दर १०० माणसांपैकी सुमारे ४५ माणसे शेती व संलग्न व्यवसायांत आहेत. पण देशाच्या एकूण उत्पन्नात त्या क्षेत्राचा वाटा शेकडा १८ च्या आसपास आहे. म्हणजे शेतीबाहेरील माणसामागचे सरासरी उत्पादन शेतीतील माणसाच्या साडेतीन पटींहून अधिक भरते. भारतातील लहान शेतजमिनींवर १९१८ साली लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी या दुखण्याचे निदान केले होते. केवळ जमिनीचे तुकडे एकत्र करून भागणार नाही. शेतीला भांडवल हवे आणि शेतीवरील अतिरिक्त माणसांना उद्योगांत काम हवे, असे त्यांनी प्रतिपादले. भूमिहीनांच्या मुलांसाठी शिक्षण हा त्या उद्योगांकडे जाणारा मार्ग आहे. निवासी शाळांचे प्रयोजन येथे स्पष्ट होते.

बचत, गुंतवणूक व धम्म

भगवान बुद्धांनीही अर्थव्यवहार तुच्छ मानला नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असा उपदेश आहे: एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात गुंतवण्यासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवण्यासाठी. उपभोग, गुंतवणूक आणि बचत या तिन्ही संकल्पना त्यात आल्या. कूटदंत सुत्तातील कथेत तर चोऱ्या थांबवण्याचा उपाय म्हणून शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, असे राजाला सांगितले जाते. दारिद्र्य हे दैवाचे नव्हे, व्यवस्थेचे फळ आहे, ही दृष्टी तेथे आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांतील विसंगतीविषयी इशारा दिला. तो इशारा समजण्यासाठी आकडे वाचता यावे लागतात. अर्थसंकल्प जाहीर झाला, विकासाचा दर वाढला, मजुरी वाढली, अशा बातम्या येतील तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारावेत: भाव किती वाढले? सरासरीच्या खाली किती जण राहिले? तरतूद झालेला पैसा प्रत्यक्ष खर्च झाला काय? हे प्रश्न ज्या घरात विचारले जातील, त्या घराला कोणीही आकड्यांनी फसवू शकणार नाही.