इंग्लंडमध्ये राहायला आलात? आधी मतदार यादीत नाव घाला

इंग्लंडमध्ये आल्यावर पहिल्या महिन्यात घर, बँक, मुलांची शाळा आणि जीपीकडची नोंदणी या चार गोष्टी आपण धावपळ करून मार्गी लावतो. इथे बरीच वर्षं राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांचं कळकळीचं सांगणं आहे की पाचवी गोष्टही त्याच महिन्यात उरका.

मताचा हक्क आल्या दिवसापासून

भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला कौन्सिलच्या आणि संसदेच्याही निवडणुकीत मत देता येतं. विद्यार्थ्यांनाही देता येतं. त्याने भारतीय नागरिकत्वाला कसलाही धक्का लागत नाही. हे माहीत नसल्याने आमच्यातल्या एका घरात ‘पासपोर्ट बदलला की बघू’ म्हणत दोन निवडणुका गेल्या.

नोंदणी ऑनलाइन होते. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी मुदत संपते. २०२३ पासून केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं; भारतीय पासपोर्ट चालतो. दर वर्षी कौन्सिल घरातल्या मतदारांची नावं तपासते. त्याचं पत्र पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून देऊ नका.

नगरसेवकाची ‘सर्जरी’

कचरा, रस्ते, दिवे, बागा, वाचनालय ही कौन्सिलची कामं. काही भागांत कौन्सिल दोन असतात: कचरा डिस्ट्रिक्टकडे, रस्ते आणि शाळा काउंटीकडे. तक्रार करण्याआधी काम कोणाचं ते पाहा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

आपल्या वॉर्डाचे काउन्सिलर ठरलेल्या दिवशी वाचनालयात किंवा एखाद्या सभागृहात लोकांना भेटतात. त्या भेटीला ‘सर्जरी’ म्हणतात. दवाखान्याशी तिचा संबंध नाही. ओळख किंवा वशिला लागत नाही. फोटो, तारखा आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक घेऊन जा. सर्जरीला गेलेल्या आमच्यातल्या बहुतेकांना लेखी उत्तर मिळालं.

खांबावरची नोटीस वाचा

शेजारी बांधकाम व्हायचं असेल तर कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र पाठवते किंवा जवळच्या खांबावर प्लास्टिकमध्ये घातलेली नोटीस बांधते. हरकत घ्यायला साधारण २१ दिवस मिळतात.

एका कुटुंबाच्या मागच्या घराने वरचा मजला वाढवायचा अर्ज केला होता. यांनी पहिल्या पत्रात लिहिलं, ‘आमच्या घराची किंमत पडेल.’ पण किंमत आणि खिडकीतून दिसणारा देखावा ही कारणं प्लॅनिंगमध्ये धरली जात नाहीत. उजेड, खाजगीपणा, आवाज, वाहतूक ही धरली जातात. मग टेप घेऊन अंतर मोजलं आणि दुसरं पत्र गेलं: नवी खिडकी थेट मुलीच्या खोलीसमोर येते. परवानगी मिळाली, पण त्या खिडकीला धुरकट काच बसवण्याच्या अटीवर. मुद्दा नेमका असला की एका पत्राचाही उपयोग होतो.

गावात असाल तर पॅरिश

लहान गावांत आणि अनेक शहरांतही पॅरिश किंवा टाउन कौन्सिल असते. आपल्या ग्रामपंचायतीसारखीच ती मैदान, बाकडी, सभागृह, दफनभूमी अशी कामं पाहते. बैठकीची विषयपत्रिका किमान तीन दिवस आधी फलकावर लागते, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातीला नागरिकांना बोलू देतात. १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान होणारी वार्षिक पॅरिश सभा मात्र मतदारांची स्वतःची. ज्यांनी गावाकडे ग्रामसभा पाहिली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल.

पहिल्यांदा गेलात तर नुसतं ऐका. दुसऱ्यांदा एक प्रश्न विचारा. इंग्रजी बोलण्याचा संकोच नको. आपल्या गल्लीतल्या खड्ड्याबद्दल आपल्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

कौन्सिल टॅक्स आपण पहिल्या महिन्यापासून भरतो. तो कसा खर्च व्हावा हे सांगायला पाच-सहा वर्षं थांबू नका. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव नोंदवून टाका.