पासबुक दुसऱ्याच्या कपाटात

ताईंनो, बैठकीत कुणी गटाचं पासबुक बघायला मागितलं की "आमच्यावर विश्वास नाही का?" असं कोणीतरी म्हणतंच. या महिन्याचा अभ्यास त्याच विषयावर आहे, पण गाव लांबचं घेतलंय, थेट ऑस्ट्रेलियातलं.

तिथल्या क्वीन्सलँड राज्यात उत्तरेला, समुद्राच्या बाजूला होप व्हेल हे छोटं गाव आहे. लोक गूगू यिमिथिर, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. (कांगारू हा शब्द त्यांच्याच भाषेतला बरं का!) १८८६ साली जर्मन मिशनऱ्यांनी त्यांच्या किनाऱ्यावर मिशन काढलं. आसरा मिळाला, शाळा आली, पण लोकांच्या आयुष्यावर हुकूम पाद्रींचा. १९४२ साली महायुद्धात लष्कराने अख्खं गाव उचलून शेकडो मैल लांब वूराबिंडाला नेलं. तिथे थंडीने, आजाराने कितीतरी माणसं दगावली. १९४९ पासून लोक परतले आणि आजचं होप व्हेल वसलं.

आता पैशाचं बघा. १८९७ साली राज्याने या लोकांच्या 'संरक्षणाचा' कायदा केला. मला तर हा शब्दच खटकतो. पुरुष गुरांच्या मोठ्या मळ्यांवर राबायचे, बायका गोऱ्यांच्या घरी धुणं-भांडी करायच्या, मुलं सांभाळायच्या. मजुरी मात्र जायची 'संरक्षक' अधिकाऱ्याकडे, आणि हा बहुतेक ठिकाणी पोलीसच असे. कामकऱ्याच्या हातात फक्त खर्चापुरते थोडे पैसे. आपल्याच कमाईतून कपडा घ्यायचा तर परवानगी मागायची आणि अंगठा उठवायचा. खात्यात शिल्लक किती, हे बहुतेकांना कळतच नसे. वरून त्या पैशातून सरकारी निधीसाठी कपात! असं १९७० च्या दशकापर्यंत चाललं.

रॉस किड या इतिहासकार बाईंनी सरकारी दप्तरं वाचून हा व्यवहार उजेडात आणला. २००२ साली सरकारने भरपाई देऊ केली, माणशी जास्तीत जास्त ४,००० डॉलर. आयुष्यभराच्या मजुरीचे एवढेच? पुढे २०१६ मध्ये हॅन्स पिअर्सन या मूळ रहिवासी समाजातल्या म्हाताऱ्या गुराख्याने हजारो लोकांच्या वतीने दावा लावला. २०१९ मध्ये सरकार १९ कोटी डॉलर द्यायला तयार झालं. तोवर कितीतरी कामकरी वारले होते. त्यांच्या मुला-नातवंडांनी अर्ज केले.

पुढच्या बैठकीत हे वाचून झालं की सचिव ताईंनी बँकेचं पासबुक मोठ्याने वाचावं आणि प्रत्येकीने आपल्या वैयक्तिक पुस्तिकेशी आकडा ताडून बघावा. जिला वाचता येत नाही, तिच्या शेजारी वाचणारी मैत्रीण बसवा. आणि एक विचारा: तुमचं स्वतःचं बँकेचं पासबुक घरात कोणाजवळ असतं?