पीठ स्वस्त, तूप महाग: घरच्या गोडाचा हिशोब

पौष्टिक पिठाचे लाडू महाग पडतात अशी तक्रार असते आणि दोष पिठाच्या माथी जातो. परळी तालुक्यातल्या धर्मापुरीसारख्या गावात तर हा दोष अगदीच अन्यायाचा. शाळू आणि बाजरी ही इथली घरची धान्यं. सरकारचा २०२५-२६चा हमीभाव पाहिला तरी मालदांडी ज्वारी क्विंटलला ३,७४९ रुपये आणि बाजरी २,७७५, म्हणजे किलोला साडेसदतीस आणि पावणेअठ्ठावीस. दुकानात येईपर्यंत त्यावर आडत, हमाली, वाहतूक चढते हे खरं. पण लाडवाचं बिल फुगवतं ते तूप.

एका घाण्याचा हिशोब मांडू. इथले भाव हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमच्या दुकानाचे घाला, गणित तेच राहील. ज्वारीचं पीठ १ किलो, दळणासह ५३ रुपये. गूळ ६०० ग्रॅम, ६० रुपये किलोने ३६. तूप ३५० ग्रॅम, ७०० रुपये किलोने २४५. शेंगदाण्याचं कूट १०० ग्रॅम, १४ रुपये. वेलदोडा आणि गॅस मिळून १५. एकूण ३६३ रुपये. पीठ भाजताना थोडं वजन उडतं, तरी दोन किलोच्या आतबाहेर माल निघतो. ४० ग्रॅमचे ४८ लाडू धरले तर एक साडेसात रुपयांना पडला. त्यातले पाच रुपये एकट्या तुपाचे.

म्हणून काटकसर करायची तर तिथे करा. कूट १०० ऐवजी ३०० ग्रॅम घ्या आणि तूप २०० ग्रॅमवर आणा. हाच घाणा २८६ रुपयांत बसतो. कूट मात्र शेंगदाणे कोमट असतानाच बारीक करायचं, म्हणजे त्याला तेल सुटतं आणि लाडू वळतो. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास इथल्या जिभेला तुपापेक्षा कमी आवडतो असं मला तरी वाटत नाही. अगदी स्वस्त भावाचं ‘शुद्ध तूप’ दिसलं तर तो पैसा वाचला असं समजू नका. तुपावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ वर आला; जुन्या बिलाशी ताडून पाहायला हरकत नाही.

खरी बचत मात्र लाडूच सोडण्यात आहे. मराठवाड्याच्या जुन्या गोडात तूप लागतं ते चमचाभर. न्याहारीला गुळाची दशमी घ्या: गव्हाचं पीठ अर्धा किलो (२४ रुपये), पाव लिटर दुधात विरघळवलेला २०० ग्रॅम गूळ (दूध १५, गूळ १२), थोडं तेल आणि गॅस (११). बासष्ट रुपयांत चौदा दशम्या, एक साडेचार रुपयांच्या आत. निम्मं पीठ ज्वारीचं घेतलं तरी चालतं, फक्त लाटायच्या ऐवजी थापावी लागते. त्याहून स्वस्त मलिदा. रात्रीच्या दोन बाजरीच्या भाकरी कुस्करायच्या, त्यात साठ ग्रॅम गूळ आणि दोन चमचे तूप. भाकरीचं पीठ धरूनही अठरा-वीस रुपयांत चार पोरांची न्याहारी. वेळ अमावस्येला शेतात आंबील, भज्जीसोबत गव्हाची खीर होते, तिचाही खर्च याच बेताचा; फक्त गहू भिजवून कांडायचा वेळ मोजायला हवा.

नाचणीचं वेगळं. ती आपल्याकडे पिकत नाही, कोकण-घाटाकडून येते. हमीभावच ४,८८६ रुपये, म्हणजे मालदांडीपेक्षा क्विंटलला अकराशेहून जास्त, वर वाहतूक. पण शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ज्वारीत त्याचा दहावा हिस्साही नाही. वाढत्या मुलांसाठी किलोभर आणून सत्त्व करणं मला पटतं. लोक खातात म्हणून रोज खाणं पटत नाही.

खरेदी अख्ख्या धान्याची करा. शाळू खळ्यावर येतो तेव्हा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा परळी, अंबाजोगाईच्या मोंढ्यातून वर्षाचा घ्यावा. दळण मात्र आठवड्यापुरतंच. बाजरीचं पीठ लवकर कडवटतं आणि ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते. पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्ट्यावर नाही. ‘नाचणी’ असं ठळक छापलेलं बिस्किट घेताना मागचे घटक वाचा. वजनाने जास्त असलेला घटक आधी लिहावा लागतो. पहिल्या जागी मैदा, दुसऱ्या जागी साखर असेल, तर ठळक अक्षरांचेच पैसे मोजताय. आणि घरी मधुमेह असेल तर गुळालाही साखरेइतकंच मोजा.

करून घ्यायचं असेल, तर साहित्य आपलं आणि मजुरी तयार मालाच्या किलोवर ठरवा, नगावर नको. नगावर ठरली की लाडू लहान होतात. कोरड्या डब्यात लाडू पंधरवडाभर चांगले राहतात. दशमी प्रवासात दोन दिवस टिकते. पुण्याला शिकणाऱ्या लेकराला पाठवायची तर ज्या दिवशी गाडी त्याच सकाळी भाजा, पूर्ण गार झाल्यावरच कापडात बांधा, आणि पावसाळ्यात तिच्याऐवजी लाडूच द्या.