तांब्याला पैसे दे, रबराला नको

अगं, गाडीत अँप्लिफायर आणि वूफर बसवायचं ठरलं, चांगली गोष्ट. दुकानदाराच्या यादीतली वायरिंग किटची किंमत बघून तू आधी मामाला फोन केलास, ही त्याहून चांगली गोष्ट. त्या यादीत सगळ्यात जास्त गंडवागंडवी चालते ती याच ओळीत. स्पीकर कसा आहे ते कानाला कळतं, अँप डोळ्याला दिसतो. केबल मात्र कार्पेटखाली जाते आणि गाडी विकेपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

एक गोष्ट पक्की धर. केबलमध्ये पैसे तांब्याचे असतात. आत तांबं किती स्क्वेअर एमएम आणि लांबी किती मीटर, या दोन आकड्यांपलीकडे बाकी सगळी सजावट. पारदर्शक निळं रबर, सोनेरी टोकं, पाकिटावर ज्वाळांचं चित्र, याने अँपला एक थेंबही जास्त करंट मिळत नाही.

आधी अँपला किती करंट लागतो ते काढ. खोक्यावर 3000 वॉट छापलंय ना? सोडून दे. अँप हातात घे आणि केबलच्या टोकांशेजारी बसवलेले रंगीत फ्यूज बघ. 30 चा एक असेल तर 30 अँपिअर, 25 चे दोन असतील तर 50. आता हिशेब कर. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 13.8 व्होल्ट असतात. 30 गुणिले 13.8 म्हणजे 414 वॉट. आत जाणार 414 आणि बाहेर पडणार 3000, असा अँप अजून कुणी बनवलेला नाही. काही मोठ्या अँपवर फ्यूज नसतात. तिथे आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे, वॉट बघायचे. क्लास डी असेल तर आत गेलेल्यातलं साधारण 80 टक्के बाहेर येतं, म्हणजे 500 वॉट आरएमएसला 45 अँपिअरच्या आसपास लागतील. जुन्या क्लास एबीला तेवढ्याच आवाजाला 65 च्या वर लागतात, उरलेली सगळी उष्णता. तुझं काम 50 अँपिअरच्या आत बसेल. 100 च्या पुढे जायचं मनात असेल तर केबल राहू दे बाजूला, आधी अल्टरनेटर आणि बॅटरीला ते झेपतं का बघावं लागेल. हॅचबॅकची 35 एएचची बॅटरी असल्या लाडांसाठी बनवलेली नसते.

मग अंतर. बॅटरी बोनेटमध्ये, अँप डिकीत. वळणं धरून लहान गाडीला पाचेक मीटर लागतात. सूत्र सोपं आहे: 0.0172 गुणिले मीटर, भागिले स्क्वेअर एमएम, गुणिले अँपिअर. वाटेत किती व्होल्ट गळतात ते यातून निघतं. 50 अँपिअरला पाच मीटरवर 10 स्क्वेअरच्या तांब्यात 0.43 व्होल्ट जातात, 16 मध्ये 0.27 आणि 25 मध्ये 0.17. मी 0.3 च्या आत राहतो. त्या हिशेबाने 30 अँपिअरला 10 स्क्वेअर, 50 ला 16 आणि 80 ला 25 स्क्वेअर पुरतं. याहून जाड घेतलीस तर बिघडत काही नाही, पण आवाजात फरक ऐकू आला असं कुणी सांगितलं तर मान डोलाव आणि पुढे चल.

दुकानात मात्र तुला स्क्वेअर नाही, गेज ऐकू येईल. आकडा जितका लहान तितकी केबल जाड. 8 गेज म्हणजे 8.4 स्क्वेअर, 4 गेज म्हणजे 21 आणि 0 गेज म्हणजे साडेत्रेपन्न. निदान असायला हवी. तुझ्या आजोबांच्या वेळचे वायरमन 3/22, 7/20 असं बोलायचे. पहिला आकडा तारा किती त्याचा आणि दुसरा तारेच्या जाडीचा, त्यामुळे आत काय आहे ते तोंडीच कळायचं. आता किटवर नुसतं मोठ्या अक्षरांत ‘4 गेज’ छापतात आणि आत 10 स्क्वेअरसुद्धा भरत नाही. बाहेरून अंगठ्याएवढी, कापल्यावर सगळं रबर. जाड सोडणाचा नारळ घरी आणावा आणि खोबरं करवंटीला चिकटलेलं निघावं, तसा प्रकार. म्हणून बाहेरची जाडी बघून भुलू नकोस. कापलेलं टोक मागून घे आणि आतला धातूचा गाभा बघ. चांगल्या कंपनीच्या केबलवर स्क्वेअर एमएम छापलेलं असतं, यादीत तारांचा हिशेबही मिळतो: 16 स्क्वेअरला 126/0.4, म्हणजे 0.4 मिलिमीटरच्या 126 तारा.

आता खरी गोम. आत तांबंच आहे का? बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बहुतेक सीसीए असतं, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचं पातळ कवच. दिसायला तांबूस, पण तांब्याच्या साधारण 64 टक्केच करंट वाहून नेण्याची त्याची कुवत. 16 स्क्वेअरचं सीसीए घेतलंस तर काम 10 स्क्वेअरच्या तांब्याइतकंच होतं, हे लक्षात ठेव.

ओळखायचं कसं? एक तार काढ आणि ब्लेडने खरवड. खाली पांढरं चमकलं की सीसीए. उलटंही असतं. वरून चंदेरी आणि खरवडल्यावर लालसर निघालं तर ते कथिलाचा मुलामा दिलेलं अस्सल तांबं, ते उत्तम. वरूनही पांढरं आणि आतूनही पांढरं असेल तर केबल तिथेच ठेवून बाहेर पड. दुसरी परीक्षा लायटरची. तांब्याची बारीक तार लालबुंद होते आणि टिकते. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं, त्यामुळे सीसीएची तार मान टाकते. ही परीक्षा घरी कर, दुकानात लायटर काढलास तर तुला बाहेर काढतील. चुंबक लावून काही कळत नाही, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत.

मला सगळ्यात आवडते ती तराजूची परीक्षा, कारण तिला ब्लेडसुद्धा लागत नाही. 16 स्क्वेअरच्या पाच मीटर केबलमध्ये नुसतं तांबंच 700 ग्रॅमच्या वर भरतं. सीसीए असेल तर धातू 300 ग्रॅमच्याही खाली. वरचं रबर धरूनसुद्धा पाच मीटरचं भेंडोळं अर्धा किलो भरलं नाही, तर त्यात 16 स्क्वेअर तांबं असणं शक्यच नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावरही हे कळतं.

सीसीए म्हणजे विष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. 30 अँपिअरचा छोटा अँप असेल आणि 4 गेजची केबल खरोखर 21 स्क्वेअरची भरत असेल, तर सीसीएनेही काम निभावतं. माझी तक्रार टोकांची आहे. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसतं आणि स्क्रू ढिला पडतो. शिवाय त्यावर धरणाऱ्या ऑक्साइडच्या थरातून करंट नीट जात नाही. ढिलं टोक तापतं, तापलं की आणखी ढिलं होतं. कोकणात आणि तुमच्या ठाण्या-मुंबईकडच्या खाऱ्या दमट हवेत हे लवकर घडतं. गाडी पावसाळाभर उघड्यावर उभी राहणार असेल तर मी सीसीए घालणार नाही.

ओएफसी हा शब्दही ऐकशील. ऑक्सिजन काढलेलं तांबं. साध्या चांगल्या तांब्यापेक्षा त्याची वाहकता एखाद टक्क्याने जास्त असेल नसेल. बाजारात ‘ओएफसी’ म्हणजे ‘पूर्ण तांबं’ एवढाच अर्थ धर, आणि दुप्पट भाव सांगितला तर हात जोड.

मग स्वस्तात अस्सल तांबं कुठे मिळतं? कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात नाही, हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलच्या दुकानात. कार ऑडिओ असं नाव लागलं की भाव चढतो, धातू तोच.

वेल्डिंगची केबल ही माझी पहिली पसंती. मीटरवर कापून मिळते, बारीक तारांची असल्यामुळे दोरीसारखी वळते आणि तिचं रबर तेल, उष्णता, घासणं सगळं सोसतं. 25 आणि 35 स्क्वेअर सहज मिळतात. तीही अ‍ॅल्युमिनियममध्ये येते, तेव्हा ‘कॉपर’ असं स्पष्ट सांगून माग आणि बिलावर लिहून घे. आता घराघरावर सोलर बसायला लागल्यापासून सोलरची डीसी केबलही सगळीकडे मिळते. कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं आणि उष्णतेला न डगमगणारं आवरण. छोट्या अँपला 10 स्क्वेअरची सोलर केबल झकास, समुद्राकाठी तर फारच. घरच्या वायरिंगची 10 किंवा 16 स्क्वेअरची फ्लेक्सिबल वायरही चालते. आयएसआयची मोहोर असली की तांब्याची खात्री बरीच असते. पण तिचं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतचं. बोनेटच्या आत ती नालीदार पाइपातूनच न्यायची आणि इंजिनपासून लांब ठेवायची. जंप स्टार्टच्या तयार केबली कापून वापरायची अक्कल कुणी दिली तर ऐकू नकोस. त्यातल्या बऱ्याच सीसीए असतात, वरून जाड आणि आत बारीक.

केबलमध्ये वाचलेल्या पैशातले थोडे फ्यूज आणि टोकांवर घाल. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत हवा. अँपवर फ्यूज आहे मग आणखी कशाला, असं मिस्त्री म्हणेल. अँपवरचा फ्यूज अँपसाठी असतो, बॅटरीजवळचा केबलसाठी. कार्पेटखाली रबर घासून केबल पत्र्याला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि मधे फ्यूज नसेल तर केबलच पेटते. 10 स्क्वेअरला 50 चा फ्यूज, 16 ला 80 आणि 25 ला 100, याच्या वर जायचं नाही. केबल सीसीए असेल तर एक पायरी खाली. बोनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच हवा. तो नसेल तर गाडी मिस्त्रीकडून तशीच परत घेऊ नकोस.

टोकांना तांब्याचे थिंबल, केबलच्या मापाचे, आणि ते क्रिम्पिंगच्या पकडीने दाबलेले. हातोडीने ठोकलेले नव्हेत. नुसत्या तारा पिळून स्क्रूखाली कोंबलेल्या तर मुळीच नव्हेत.

अर्थिंगची केबल प्लसइतकीच जाड आणि होईल तितकी आखूड, दीड-दोन फुटांत डिकीतल्याच पत्र्याला. रंग पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा काढायचा, बोल्ट आवळायचा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावायचा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज. सीट बेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही, तो जीव वाचवायला दिलेला आहे. आवाज फाटतो, बेस मारला की दिवे मंदावतात, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या गाड्यांत मी आधी हीच जागा बघायचो. केबल बदलायचा खर्च बरेचदा तिथेच वाचायचा.

स्टीरिओपासून अँपकडे जाणारी आरसीए केबल प्लसची केबल सोडून गाडीच्या दुसऱ्या बाजूने ने, नाहीतर रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि जोडताना शेवटी, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी नाही.

बसवून झालं की मिस्त्रीला लगेच पैसे देऊ नकोस. साधा मल्टिमीटर घे. एक काडी बॅटरीच्या प्लसला, दुसरी लांब वायर जोडून अँपच्या प्लसला. इंजिन चालू ठेवून 50 हर्ट्झचा सलग सूर मोठ्याने लाव. गाण्यात आकडा नाचत राहतो. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे तुझी केबल, फ्यूज आणि जोड मिळून खातात. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम चोख. एक व्होल्टच्या पुढे गेलं तर कुठेतरी चोरी आहे. केबलमध्ये नाहीतर जोडात. हेच मायनसच्या बाजूनेही बघ, तिथे आकडा 0.1-0.2 च्या वर जाऊ नये.

दुकानात जायच्या आधी सुतळी घेऊन बॅटरीपासून डिकीपर्यंत ज्या वाटेने केबल जाणार त्या वाटेने धर, वर अर्धा मीटर सोड आणि मोज. मीटरवर विकत घ्यायचं तर दोन मीटर उगाच जास्त घेण्यात अर्थ नाही आणि अर्धा फूट कमी पडला तर जोड द्यावा लागतो, तो मी चालवून घेणार नाही. तुला लॅमिंग्टन रोड जवळ पडेल, पुण्यात आलीस तर तपकीर गल्ली. लॅमिंग्टन रोडला जाणार असशील तर शनिवारी जा, रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.